ख्रिस्तपुराणकार फादर स्टीफन्स

ज्या देशात आपली प्रार्थना म्हणणे हाच अपराध ठरतो, त्या देशात भाविकाने करावे तरी काय? इ. स. १५४९ मध्ये इंग्लंडातील विल्टशायर परगण्यात एका व्यापाऱ्याच्या घरी जन्मलेल्या थॉमस स्टीफन्सपुढे तारुण्यात हाच प्रश्न उभा राहिला. एलिझाबेथ राणीच्या अमदानीत कॅथलिक उपासनेस बंदी होती. त्याचा जिवलग मित्र थॉमस पाउंड धर्मासाठी तुरुंगात पडला. दोघांनी मिळून रोमला जाण्याचा बेत केला होता. अखेर स्टीफन्स एकटाच गेला व १५७५ मध्ये येशूसंघात दाखल झाला.

४ एप्रिल १५७९ रोजी तो लिस्बनहून निघाला आणि २४ ऑक्टोबरला गोव्यास पोहोचला. वाटेत तोंड येऊन, हिरड्या सुजून दीडशेहून अधिक उतारू आजारी पडले आणि सत्तावीस दगावले. हा वृत्तान्त त्याने वडिलांस पत्राने कळविला. मायदेशाचे दर्शन त्याला पुढे कधीच घडले नाही. सुमारे चाळीस वर्षे, म्हणजे १६१९ मध्ये देह ठेवीपर्यंत, त्याचे आयुष्य गोमंतकात आणि त्यातही मुख्यत्वे सासष्टीत गेले.

त्या वेळची सासष्टी शांत नव्हती. १५६७ मध्ये तेथील देवळे पाडली गेली होती. लोकांच्या पोथ्या हिरावल्या जात होत्या. १५८३ मध्ये कुंकळ्ळीस पाच येशूसंघी धर्मगुरू मारले गेले, त्यामागे हाच संताप होता. ज्याची स्वतःची उपासना मायदेशी निषिद्ध ठरली, तोच मनुष्य दुसऱ्यांची उपासना निषिद्ध ठरविणाऱ्या सत्तेच्या छायेत येऊन राहिला, ही गोष्ट आम्हांस नजरेआड करवत नाही. त्या सत्तेविरुद्ध तो उभा राहिला, असे म्हणण्यास आधार नाही. परंतु त्या सत्तेने निर्माण केलेली एक पोकळी मात्र त्याच्या ध्यानात आली.

नव्याने ख्रिस्ती झालेल्या माणसाची अडचण मोठी विलक्षण होती. घरातली पोथी गेली, ओव्या गेल्या, सणासुदीची कीर्तने गेली. बदल्यात मिळाली ती लॅटिन प्रार्थना. ती पाठ करता येई; पण तीत मन रमावे कसे? ज्या शब्दांनी आई मुलाला निजविते, ज्या शब्दांनी माणूस संकटात देवाला हाक मारतो, ते शब्द तीत नव्हते. ख्रिस्तपुराणाच्या पहिल्या अवस्वरूतच ही व्यथा आली आहे. एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीला विनवितो की, आमची जुनी पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, तर त्यांसारखे दुसरे पुराण आम्हांस का करून देत नाही? आमच्या मते साऱ्या ग्रंथाचे बीज या एका प्रश्नात आहे.

स्टीफन्सने मराठी व कोंकणी या दोन्ही भाषा आत्मसात केल्या. भारतीय भाषांची घडण ग्रीक व लॅटिनसारखी आहे, हे १५८३ मध्येच त्याने आपल्या भावास कळविले होते. नवशिक्यांसाठी त्याने कोंकणीत गुरुशिष्यसंवादाच्या रूपाने ख्रिस्ती शिकवण मांडली. क्रुसाची खूण कशी करावी येथपासून प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेपर्यंत सारे तीत येते. ही पुस्तिका त्याच्या पश्चात १६२२ मध्ये रायतूरच्या छापखान्यात छापली गेली.

पण पाठ म्हणणे निराळे आणि आळविणे निराळे. त्यासाठी त्याने मराठी ओवी निवडली. १६१६ मध्ये ख्रिस्तपुराण प्रसिद्ध झाले. दोन भागांत मिळून त्याच्या सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. आमच्या पुराणिकांच्या रीतीने आरंभी नमन आहे. ते देवपित्यास, पुत्रास व पवित्र आत्म्यास आहे. स्वर्गाला तो वैकुंठ म्हणतो, ख्रिस्ताला मुक्तिदाता म्हणतो. पवित्र आत्म्यास मात्र तो परकेच नाव ठेवतो. बहुधा अर्थाचा घोटाळा होईल या भीतीने. मराठी भाषेची त्याने गायिलेली थोरवी तर सुप्रसिद्धच आहे. सणांच्या दिवशी व रविवारी हे पुराण चर्चमधून वाचले जाई. पोथी ऐकत बसण्याची जुनी सवय अशा रीतीने नव्या उपासनेत पुन्हा सुरू झाली.

एक इच्छा मात्र अपुरी राहिली. ग्रंथ या देशाच्या लिपीत छापावा, असे त्याला फार वाटे. १६०८ मध्ये त्याने रोमला वरिष्ठांस लिहिले की, या लिपीला सहाशे साचे लागतात. पण युक्तीने ते दोनशेवर आणता येतील. ते साचे कधीच घडले नाहीत. ग्रंथ रोमन लिपीत निघाला. पुढे १६४९ व १६५४ मध्ये त्याच्या आणखी आवृत्त्या झाल्या. १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने लोकभाषेवरच बंदी घातली. त्या तिन्ही जुन्या आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही.

ग्रंथ तगला तो हस्तलिखितांमुळे. त्यांपैकी देवनागरीतील एक लंडनमध्ये मार्सडेन संग्रहात आहे. १९०७ मध्ये मंगळूरला सालदान्हा यांनी तो रोमन लिपीत पुन्हा छापला. देवनागरीत छापलेले ख्रिस्तपुराण मराठी वाचकांच्या हाती पडले ते १९५६ मध्ये, शांताराम बंडेलू यांच्या पुणे आवृत्तीने. पहिल्या प्रकाशनानंतर तीनशे चाळीस वर्षांनी.