सरखेल कान्होजी आंग्रे



इथल्या वाचनालयातून समुद्री चाच्यांवरचे एखादे जुने इंग्रजी पुस्तक आणलेत, तर त्यात ‘अँग्रिया’ हे नाव सापडण्याचा बराच संभव आहे. हा अँग्रिया म्हणजे आपले सरखेल कान्होजी आंग्रे. ईस्ट इंडिया कंपनीच्या कागदपत्रांत ते चाचे, म्हणजे समुद्रावरचे लुटारू आहेत. मराठ्यांच्या इतिहासात मात्र ते स्वराज्याचे आरमारप्रमुख आहेत. एकाच माणसाला अशी दोन नावे का पडली, हे समजण्यासाठी त्यांचे चरित्र पाहिले पाहिजे. ते पाहताना आणखी एक गोष्ट ध्यानात येते. राज्याला ज्या वेळी ज्याचे भय वाटते, त्याप्रमाणे त्याचे आरमार घडते. भय बदलले, की आरमारही बदलते.

कान्होजींचा जन्म इ. स. १६६९ च्या सुमाराचा. त्यांच्या घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ. आंगरवाडी या गावावरून ते आंग्रे झाले. वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या आरमारात चाकरीला होते. म्हणजे आरमार हे कान्होजींना घरातच मिळालेले शिक्षण होते.

शिवाजी महाराजांना आरमाराची गरज का भासली? त्या काळी कोकणच्या किनाऱ्यावर मुख्य भय होते ते जंजिऱ्याच्या सिद्दीचे. त्याची माणसे गलबतांतून येत, गावे लुटत आणि माणसे धरून नेत. घोडेस्वार कितीही शूर असले तरी पाण्यातल्या जंजिऱ्यापुढे त्यांचे काही चालत नसे. शिवाय समुद्रावर पोर्तुगीजांचा हुकूम चाले. त्यांचा परवाना घेतल्याशिवाय आपल्याच किनाऱ्यावरून व्यापार करणे अवघड होते. म्हणून महाराजांनी कल्याण-भिवंडीकडे जहाजे बांधायला सुरुवात केली. १६६४ साली मालवणजवळ सिंधुदुर्गाचा पाया घातला. १६७९ मध्ये मुंबई बंदराच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर तट उभारायला घेतला. इंग्रजांनी आणि सिद्दीने मिळून तो पाडण्याचा प्रयत्न केला, पण खांदेरी मराठ्यांकडेच राहिली. अलिबागसमोर कुलाबा किल्ल्याचे कामही याच सुमारास सुरू झाले. या आरमाराचे पहिले काम किनारा राखणे हे होते.

१६८९ साली सगळेच पालटले. छत्रपती संभाजी महाराजांना औरंगजेबाने ठार केले. रायगड पडला. राजाराम महाराज दूर दक्षिणेत जिंजीला गेले. महाराष्ट्रात मोगलांच्या फौजा फिरत होत्या आणि सिद्दी मोगलांच्या बाजूने कोकणात घुसत होता. अशा वेळी हर्णैजवळच्या सुवर्णदुर्गावर तरुण कान्होजी होते. किल्ल्याचा अंमलदार फितूर होऊन किल्ला शत्रूला देण्याच्या बेतात होता, तेव्हा कान्होजींनी त्याला दूर करून स्वतः किल्ला लढवला, अशी हकीकत सांगतात. ज्या काळात डोंगरी किल्ले एकामागून एक जात होते, त्या काळात समुद्रातले किल्ले हाच स्वराज्याचा मोठा आसरा होता. १६९८ साली सिधोजी गुजर यांच्यानंतर कान्होजींना ‘सरखेल’ हे पद मिळाले. सरखेल म्हणजे आरमाराचा मुख्य सरदार. त्यांनी कुलाबा किल्ला हे आपले ठाणे केले. ओहोटीच्या वेळी या किल्ल्यात अलिबागच्या किनाऱ्यावरून आजही चालत जाता येते.

१७०७ मध्ये औरंगजेब वारला आणि मोगलांचे भय ओसरू लागले. आता नवा प्रश्न पुढे आला : कोकणच्या समुद्रावर हुकूम कोणाचा? इंग्रज, पोर्तुगीज, डच या सगळ्यांच्या वखारी आणि जहाजे पश्चिम किनाऱ्यावर होती. पोर्तुगीज तर पूर्वीपासून परवाने देत आले होते. कान्होजींनीही तेच केले. जो व्यापारी त्यांचे दस्तक घेईल, त्याच्या जहाजाला त्रास नाही. ज्याच्याजवळ दस्तक नाही, ते जहाज पकडायचे. दस्तक म्हणजे फी भरून मिळणारा परवाना. जमिनीवर राजा जकात घेतो, तशीच ही समुद्रावरची जकात, असे त्यांचे म्हणणे होते. इंग्रजांना ते मान्य नव्हते. त्यांच्या मते समुद्रावर कोणी जकात घेऊ शकत नाही, आणि घेईल तो चाचा. गंमत अशी, की खुद्द इंग्रजसुद्धा देशी व्यापाऱ्यांना आपले परवाने देत असत.

१७१२ च्या नोव्हेंबरात कान्होजींच्या जहाजांनी मुंबईच्या गव्हर्नरची सशस्त्र नौका पकडली. या चकमकीत कंपनीच्या कारवारच्या वखारीचा प्रमुख मारला गेला आणि त्याची पत्नी कैद झाली. तीस हजार रुपये खंडणी घेऊन पुढच्या वर्षी तिची सुटका झाली आणि दोन्ही बाजूंत तह झाला. पण तो फार दिवस टिकला नाही. कंपनीची स्वतःची जहाजे सोडायला कान्होजी तयार होते, मात्र कंपनीच्या आश्रयाने फिरणारी इतर व्यापाऱ्यांची जहाजे ते सोडेनात. कोणते जहाज खरे कोणाचे, यावरून पुन्हा भांडण पेटले.

घरातही पेच होताच. शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि त्यांच्यात व महाराणी ताराबाईंच्यात गादीचा वाद सुरू झाला. कान्होजी ताराबाईंच्या पक्षाचे. त्यांच्यावर चालून आलेले पेशवे बहिरोपंत पिंगळे यांनाच त्यांनी कैद केले. तेव्हा शाहू महाराजांनी बाळाजी विश्वनाथांना पेशवाई देऊन त्यांच्याकडे पाठवले. बाळाजींनी लढाई न करता बोलणी केली. १७१४ साली ठरले, की कान्होजींनी शाहू महाराजांना छत्रपती मानावे, आणि दहा किल्ले व सोळा लहान ठाणी त्यांच्याकडे राहावीत. सरखेलपदही त्यांच्याकडेच राहिले. या एका तहामुळे कोकणातले घरचे युद्ध टळले आणि कान्होजींना समुद्राकडे लक्ष देता आले.

त्यांचे आरमार लढत तरी कसे होते? इंग्रजांची जहाजे मोठी, उंच आणि दोन्ही बाजूंना तोफांच्या रांगा असलेली. तशी जहाजे बांधण्याच्या नादी कान्होजी लागले नाहीत. त्यांची मुख्य जहाजे म्हणजे गुराब आणि गलबत. गुराबेला दोन किंवा तीन डोलकाठ्या असत आणि तिच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, मोठ्या तोफा असत. गलबत त्याहून लहान व हलके. ते शिडावर चाले, तसेच चाळीस-पन्नास वल्ह्यांवरही चाले. वारा पडला की मोठे जहाज जागच्या जागी अडून बसते. अशा वेळी गलबते गुराबांना दोरखंडाने ओढत शत्रूच्या मागच्या बाजूला नेत. तिथे शत्रूच्या बाजूच्या तोफांचा मारा पोहोचत नसे. मग गोळागोळी करून माणसे शत्रूच्या जहाजावर चढत. फारच अंगाशी आले, तर ही जहाजे खाडीत शिरत. त्यांचे बूड उथळ असल्याने ती आत जात आणि इंग्रजांच्या जहाजांना मात्र खाडीच्या तोंडाशीच थांबावे लागे. या जहाजांवर कोळी, भंडारी, खारवी, मुसलमान असे किनाऱ्यावरचे सगळे दर्यावर्दी होते. काही युरोपी लोकही चाकरीला होते.

१७१५ च्या शेवटी चार्ल्स बून हा मुंबईचा गव्हर्नर होऊन आला. त्याने लढाऊ जहाजे बांधली आणि मुंबई शहराभोवतीचा तट पुरा केला. त्या तटावरून मुंबईच्या ‘फोर्ट’ भागाला नाव मिळाले, आणि त्याच्या एका दरवाजावरून ‘चर्चगेट’ला. म्हणजे भयाने आरमारेच बदलतात असे नाही, शहरेही बदलतात! १७१७ मध्ये इंग्रजांनी विजयदुर्गावर हल्ला केला, १७१८ मध्ये खांदेरीवर, १७२० मध्ये पुन्हा विजयदुर्गावर. एकही किल्ला हाती आला नाही. मग १७२१ च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र आले. इंग्लंडहून कमोडोर मॅथ्यूज राजाची युद्धनौका पथके घेऊन आला, आणि सुमारे सहा हजार सैनिक कुलाब्यावर चालून गेले. पण या खेपेस कान्होजी एकटे नव्हते. शाहू महाराजांनी तरुण पेशवे बाजीराव आणि पिलाजी जाधव यांना घोडदळासह धाडले. हल्ला फसला. १७२२ च्या जानेवारीत पोर्तुगीजांनी वेगळा तह करून टाकला आणि इंग्रज हात हलवत मुंबईला परतले. डचांनी १७२४ साली विजयदुर्गावर नशीब अजमावले, त्यांनाही यश आले नाही.

४ जुलै १७२९ रोजी कान्होजी वारले. अलिबागला त्यांची समाधी आहे. ज्यांना चाचा म्हणतात, त्यांच्याशी कोणी तह करीत नाही, त्यांना छत्रपती किल्ले देत नाहीत आणि त्यांच्या मदतीला पेशवे धावून येत नाहीत. चाचा स्वतःसाठी लुटतो. कान्होजी एका राज्याच्या वतीने, पद घेऊन, परवाने देऊन कारभार करीत होते. जहाजे पकडली जाणाऱ्या व्यापाऱ्यांना त्याचा जाच होत होता, हेही खरेच. पण त्या काळी समुद्रावर सगळीच राज्ये तसे वागत होती.

पुढची कथा दुःखाची आहे. कान्होजींच्या मुलांत फूट पडली. एकाकडे कुलाबा राहिला, तर दुसऱ्या शाखेकडे सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग. पेशव्यांची नजर आता उत्तर हिंदुस्थानाकडे होती. त्यांना समुद्रावरच्या इंग्रजांपेक्षा न ऐकणारा आपलाच सरदार, तुळाजी आंग्रे, जास्त धोक्याचा वाटू लागला. नानासाहेब पेशव्यांनी तुळाजीविरुद्ध इंग्रजांशी करार केला. १७५५ साली कमोडोर विल्यम जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. १७५६ च्या फेब्रुवारीत अ‍ॅडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर गेले, आणि तिथे नांगरलेले आंग्र्यांचे आरमार जळून खाक झाले. कान्होजींनी जन्मभर ज्यांना अडवले, त्यांना अडवणारे त्या किनाऱ्यावर आता कोणी उरले नाही. पुढे बासष्ट वर्षांनी, १८१८ मध्ये, पेशवाईच इंग्रजांनी घेतली. भय कोणाचे धरावे, हे ठरवताना चूक झाली की तिची किंमत केवढी असते, ते यातून दिसते.

या गोष्टीची एक खूण आपल्या लंडनमध्येच आहे. शूटर्स हिलवर झाडीत एक तीनकोनी विटांचा मनोरा उभा आहे. त्याचे नाव ‘सेव्हर्नड्रूग कॅसल’. सेव्हर्नड्रूग म्हणजे आपला सुवर्णदुर्ग! विल्यम जेम्सच्या विधवा पत्नीने नवऱ्याच्या स्मरणार्थ तो १७८४ मध्ये बांधवला.

आणि भारतात? तिथे भय पुन्हा बदलले आहे. १९९३ च्या मुंबईतील बाँबस्फोटांची स्फोटके दिघी आणि शेखाडी इथे, म्हणजे जंजिऱ्याच्याच परिसरात, समुद्रातून उतरवली होती. त्यानंतर या किनाऱ्यावर गस्त सुरू झाली. तरीही २००८ साली दहा अतिरेकी समुद्रमार्गानेच मुंबईत शिरले. मोठ्या युद्धनौका असूनही छोटी होडी निसटली. मग भारतीय नौदलाकडे किनाऱ्याच्या संरक्षणाची जबाबदारी आली. वेगवान लहान नौकांचे दल उभारले गेले, आणि मच्छीमारांना ओळखपत्रे व होड्यांना नोंदणी आली. कोणती होडी कोणाची, हा कान्होजींच्या वेळचाच प्रश्न तीनशे वर्षांनी पुन्हा उभा राहिला.

मुंबईतल्या नौदलाच्या एका ठाण्याला १९५१ पासून ‘आय. एन. एस. आंग्रे’ हे नाव आहे. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून जाहीर केले. त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार सागरी किल्ले आहेत. सुट्टीत अलिबागला गेलात, तर ओहोटीची वेळ विचारून कुलाबा किल्ल्यात जरूर जा. आणि कोणी अँग्रिया हा चाचा होता असे म्हणाले, तर त्याला दस्तक म्हणजे काय, ते नीट समजावून सांगा.