गहुलीचे सुपुत्र वसंतराव नाईक
यवतमाळ जिल्ह्यातील गहुली या बंजारा तांड्यावर १ जुलै १९१३ रोजी वसंतराव नाईक यांचा जन्म झाला. प्राथमिक शिक्षणासाठी त्यांना गावोगाव राहावे लागले. नागपूरला वकिलीची पदवी घेऊन ते पुसदला आले आणि १९४६ मध्ये नगराध्यक्ष झाले. १९५२ मध्ये तत्कालीन मध्य प्रदेशात उपमंत्री व १९६० मध्ये महाराष्ट्राचे महसूलमंत्री झाले. त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवरून १९६२ मध्ये जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्या. गावातून सत्तेपर्यंत पोहोचलेल्या या नेत्याने सत्तेचा वाटा पुन्हा गावाकडे सोपविला. पुढे १९६३ ते १९७५ ते मुख्यमंत्री होते. १८ ऑगस्ट १९७९ रोजी त्यांचे निधन झाले. घरापासून दूर राहून शिकणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी हे चरित्र अवश्य स्मरावे.