नोंदवहीतला भिवा आणि रक्तातली जात

जात पडताळणीसाठी सीबीडी-बेलापूरच्या कोकण भवनाच्या पायऱ्या झिजवलेल्यांना वंशावळ म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. मग आजोबांचा शाळेचा दाखला, गावच्या कोतवाल बुकातला उतारा, महारवतनाचा कागद यांची शोधाशोध सुरू होते. आता त्यात थुंकीच्या नमुन्यावरून पूर्वज सांगणाऱ्या डीएनए चाचण्यांची भर पडली आहे. आपण मूळचे कोण, या प्रश्नाचा बाबासाहेबांनी आयुष्यभर पाठपुरावा केला. त्यांचे चरित्र या अंगानेही वाचले पाहिजे.

बाबासाहेबांचे कूळ सकपाळ, गाव रत्नागिरी जिल्ह्यातले मंडणगड तालुक्यातील आंबडवे. आजोबा मालोजी लष्करात, वडील रामजी सुभेदार. आई भीमाबाई ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाडकर घराण्यातल्या. तेही लष्करी घराणे. १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत भीमरावांचा जन्म झाला. पुढच्याच वर्षी इंग्रजांनी महारांची लष्करभरती बंद केली. ज्या पलटणीने या घराला अक्षरओळख दिली, तिचेच दार समाजाला बंद झाले.

७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारच्या सरकारी हायस्कुलाच्या नोंदवहीत १९१४ क्रमांकावर भिवा रामजी आंबेडकर हे नाव चढले. नाव वहीत चढले, पण मुलगा मात्र वर्गात वेगळा बसला. कागदाने हक्क दिला आणि समाजाने तो नाकारला, याचा हा पहिला धडा होता.

९ मे १९१६ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, कोलंबिया विद्यापीठातील मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. जातीचा प्राण रक्तात नसून जातीतल्या जातीत लग्न करण्याच्या सक्तीत आहे, असा त्यांचा सिद्धांत होता. १९३६ साली ‘जातिनिर्मूलन’मध्ये त्यांनी वंशशुद्धीचा दावा खोडून काढला आणि आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय सांगितला. १९४८ साली अस्पृश्यांच्या मुळावर ग्रंथ लिहिताना त्यांनी नाकाच्या मोजमापाचे त्या काळचे आकडेच पुढे ठेवले आणि ब्राह्मण व अस्पृश्य वेगळ्या वंशाचे नाहीत, हे मांडले. त्याच वर्षी १५ एप्रिलला त्यांनी जन्माने सारस्वत असलेल्या डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह केला. विचार आणि आचार यांत त्यांनी अंतर ठेवले नाही.

नाकाच्या मोजमापाचे शास्त्र आज मागे पडले. पण २०१३ साली हैदराबादची सीसीएमबी आणि हार्वर्ड येथील शास्त्रज्ञांनी भारत-पाकिस्तानातील ७३ समूहांचे डीएनए तपासले, तेव्हा काय आढळले? सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात येथे मोठ्या प्रमाणावर रक्तमिश्रण झाले. पूर्वजांचे प्रमाण समूहागणिक कमी-जास्त आहे, पण मिश्रणातून जवळजवळ कोणीच सुटलेले नाही. नंतर मात्र लग्नाच्या भिंती उभ्या राहिल्या. तरुण भीमरावांनी १९१६ साली लग्नाच्या ज्या बंधनावर बोट ठेवले, त्याचीच खूण प्रयोगशाळेत दिसली.

म्हणून समाजबांधवांनी दोन गोष्टी नीट समजून घ्याव्यात. डीएनए चाचणी पूर्वजांच्या प्रदेशाचा अंदाज देईल, जात सांगणार नाही. कारण जातीचे जनुकच नाही. आरक्षण रक्तासाठी मिळालेले नाही, पिढ्यान्‌पिढ्या लादलेल्या अन्यायासाठी मिळाले आहे, आणि त्या अन्यायाचा साक्षीदार कागद आहे. तेव्हा गावाकडचे दाखले आजच जपा. १९५६च्या धम्मदीक्षेनंतर ज्यांच्या दाखल्यावर बौद्ध लागले, त्यांना केंद्राच्या सवलतींसाठी १९९० पर्यंत थांबावे लागले, हे विसरू नका.

दुसरी गोष्ट अधिक कठीण आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी जुनी ओळख टाकून दिली. तरीही आपल्या वधू-वर मेळाव्यांत सोमवंशी, लाडवण, बावणे अशी विचारपूस कानावर येते. पडताळणी समितीने जात विचारली तर तो कायद्याचा भाग आहे. पण सोयरिकीला आलेल्या पाहुण्याला आपण पोटजात विचारली, तर १९१६ सालचा तो निबंध आपल्याच विरोधात साक्ष देतो. कागद कपाटात जपू या, पोटजात मात्र लग्नाच्या मांडवातून कायमची घालवू या.