पंडिता रमाबाई : जन्मभराची विद्यार्थिनी

आर्णीच्या शिवारात कापसाची वेचणी सुरू झाली म्हणजे दोन बोल आमच्या कानी हटकून येतात. मुलगी इतकी शिकली, आता आणखी शिकून तिला काय करावयाचे, असे बाप म्हणतो. आणि आमचे आता वय झाले, अक्षरे गिरवून आम्हांस काय उपयोग, असे घरातील म्हातारी म्हणते. या दोघांशी आम्ही वाद घालीत नाही. एका बाईचे चरित्र तेवढे वाचकांपुढे ठेवितो.

पंडिता रमाबाई यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित होते. स्त्रीस संस्कृत शिकविणे त्या काळी अधर्म समजत. तरी त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई यांस ती विद्या दिली, आणि त्याबद्दल पंडितांपुढे जाबही दिला. पुढे वडील वृद्ध झाले तेव्हा रमाबाईंस आईने शिकविले. कुटुंब तीर्थयात्रेत सदा फिरत असे, व दिवसभर आईस कामाचा व्याप असे. म्हणून ती माउली उजाडण्यापूर्वीच लेकीस जागी करून श्लोक म्हणवून घेई. शाळा अशी रमाबाईंस बाळपणी लाभलीच नाही. आईची पहाट हीच त्यांची शाळा होय.

रमाबाई सोळा-सतरा वर्षांच्या होतात न होतात तोच दुष्काळाने या कुटुंबास गाठले. वडील, आई व थोरली बहीण अशी तिघे थोड्याथोड्या अंतराने गेली. मागे राहिलेली रमाबाई व त्यांचे बंधू श्रीनिवास ही दोघे उपाशीतापाशी पायी हिंडत राहिली. येथे कोणी विचारील, मग त्या विद्येने काय साधले? तिने त्यांचे पोट भरले नाही, हे खरे आहे व ते आम्ही झाकून ठेवीत नाही. परंतु घर, माणसे व अन्न ही सर्व गेल्यावर दुष्काळास जे नेता आले नाही ते एवढेच होते. सन १८७८ मध्ये ती भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा पाहिली, आणि तिला पंडिता व सरस्वती अशा पदव्या दिल्या.

पुढे दुःखांनी पुन्हा त्यांची पाठ घेतली. सन १८८० मध्ये बंधू वारले. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. परंतु सन १८८२ च्या आरंभी पतीही पटकीने गेले, आणि मनोरमा ही तान्ही मुलगी घेऊन त्या पुण्यास आल्या. त्यांची कीर्ती एव्हाना देशभर झाली होती. आहे त्या विद्येवर त्यांस जन्म काढता आला असता. परंतु त्यांनी काय केले? त्या पुन्हा विद्यार्थिनी होऊन इंग्रजी शिकू लागल्या. त्याच वर्षी शिक्षणाविषयीच्या हंटर कमिशनापुढे त्यांनी मराठीत साक्ष दिली, आणि मुलींसाठी शिक्षिका व स्त्रियांसाठी स्त्री-वैद्य तयार करावे अशी मागणी केली.

सन १८८३ मध्ये त्या इंग्लंडास गेल्या. वैद्यक शिकावे असा त्यांचा मानस होता, पण कानांनी दगा दिला. ऐकू कमी येत असल्यामुळे ती आशा सोडावी लागली. एक दार बंद झाले म्हणून त्या माघारी फिरल्या नाहीत. त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या कॉलेजात त्या संस्कृत शिकवीत आणि स्वतः इतर विषय शिकत. म्हणजे एकाच घरात गुरूही त्याच व शिष्यही त्याच. सन १८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या, व तेथे लहान मुलांस शिकविण्याची बालोद्यान पद्धती त्यांनी अभ्यासिली.

शिकलेले वाटून टाकण्याची घाई त्यांस सदा असे. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस त्यांनी विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. सन १८९६-९७ मध्ये आपल्या वऱ्हाडास लागून असलेल्या मध्यप्रांतात दुष्काळ पडला. भूक म्हणजे काय हे ज्या बाईने सोळाव्या वर्षी जाणले, ती घरी कशी बसणार? त्या स्वतः तेथे गेल्या आणि शेकडो अनाथ मुली व स्त्रिया घेऊन आल्या. केडगाव येथील मुक्ती सदनात या मुलींस अन्नवस्त्र मिळालेच. पण त्याबरोबर वाचन, विणकाम, शेती व छापखान्याचे कामही शिकविले गेले.

वयाची पंचेचाळिशी उलटल्यावर रमाबाईंनी पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर हाती घेतले, आणि त्यासाठी हिब्रू व ग्रीक या भाषांचा अभ्यास केला. कान मंद, शेकडो जणींचा संसार अंगावर, आणि समोर नवी लिपी व नवे व्याकरण! हे काम पंधराहून अधिक वर्षे चालले. सन १९२१ मध्ये एकुलती एक कन्या मनोरमा वारली, तरी लेखणी थांबली नाही. काम शेवटास नेऊन ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेविला. सदनातील मुलींनी जुळविलेल्या खिळ्यांनी तो ग्रंथ छापला गेला, आणि सन १९२४ मध्ये संपूर्ण बाहेर पडला.

या भाषांतरातील एक गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. जिला संस्कृताचे भांडार खुले होते, तिने येथे सोपी भाषा वापरण्याची खटपट केली. कारण नुकतीच अक्षरे शिकलेल्या खेड्यातील बाईला ते समजावे अशी तिची इच्छा होती. पंडितांच्या सभेत मान मिळविणारी विद्या अखेर जात्यापाशी येऊन बसली. खऱ्या विद्येची हीच खूण होय, असे आम्ही समजतो.

तर वेचणीच्या दिवसांत मुलीस शाळेतून काढू पाहणाऱ्या बापाने लक्ष्मीबाईंची ती पहाट आठवावी. आणि माझे वय झाले म्हणणाऱ्या आजीबाईंनी, पंचेचाळिशीनंतर हिब्रू मुळाक्षरांपासून आरंभ करणाऱ्या त्या विद्यार्थिनीस आठवावे. संध्याकाळी नातीजवळ बसून आजीने तिच्या पुस्तकातील एक अक्षर जरी ओळखले, तरी त्या घरात पहाट झाली असे आम्ही म्हणू.