जो डेव्हिस

स्नूकरचा जन्म 1875 च्या सुमारास आपल्या जबलपुरात, इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये झाला; त्यास प्रतिष्ठा मात्र डर्बीशायरच्या एका खाणकामगाराच्या मुलाने दिली. जो डेव्हिस 1901 साली जन्मला. उजवा डोळा अधू, म्हणून तो डाव्या डोळ्याने नेम धरी. बिलियर्ड्सपुढे स्नूकरला तेव्हा कोण विचारी? 1927 ची पहिली जागतिक स्पर्धा त्याच्याच खटपटीने भरली. विजेता म्हणून हाती आले अवघे साडेसहा पौंड! 1946 पर्यंत पंधरा वेळा तोच अजिंक्य ठरला. प्रतिस्पर्धी थोडे होते, हा आक्षेप खरा; तरी पहिला मान मी त्यालाच देईन, कारण ज्या खेळात इतरांनी पुढे नाव मिळविले तो त्याने उभा केला. 1955 मध्ये त्याने 147 गुणांचा पूर्ण डाव साधला. 1978 साली धाकटा भाऊ फ्रेड याचा उपांत्य सामना पाहताना तो कोसळला आणि काही आठवड्यांनी, 10 जुलैस, निवर्तला.