तीन दिरहमांचे पुस्तक

थोर हकीम इब्न सिना यांचा जन्म इ.स. ९८० च्या सुमारास बुखाऱ्याजवळच्या अफशाना गावी झाला. दहाव्या वर्षी कुरआन मुखोद्गत, सोळाव्या वर्षी हाताखाली रुग्ण. पण ॲरिस्टॉटलच्या तत्त्वज्ञानाच्या एका ग्रंथापाशी ते अडले. चाळीस वेळा वाचून शब्द पाठ झाले, अर्थ काही लागेना. अखेर त्यांनी आशाच सोडली.

एकदा अस्रच्या वेळी पुस्तकांच्या बाजारात एका दलालाने त्यांच्यापुढे पुस्तक धरले. त्यांनी ते नाकारले. मालकाला पैशांची नड आहे, तीन दिरहमांत घ्या, अशी गळ त्याने घातली. ते त्याच ग्रंथाचा हेतू उलगडणारे अल-फाराबी यांचे पुस्तक निघाले. घरी येऊन वाचताच सारी गाठ सुटली. अल-फाराबी त्यांच्या जन्माआधी तीसेक वर्षे वारले होते. हा गुरू त्यांना पुस्तकातच भेटला. दुसऱ्या दिवशी अल्लाहचे आभार मानत त्यांनी गोरगरिबांना सढळ हाताने सदका दिला.

पुढे बुखाऱ्याचे शासक नूह बिन मन्सूर यांच्यावरील उपचारात ते सहभागी झाले. तेव्हा त्यांनी शाही ग्रंथालयात वाचनाची परवानगी मागितली. तिथे विषयवार दालने होती, पेट्यांवर पेट्या ग्रंथ होते. कधी नावही न ऐकलेली पुस्तके त्यांनी तिथे वाचली.

याच शिदोरीवर पुढे त्यांचा वैद्यकावरील पाच भागांचा ‘अल-कानून’ उभा राहिला. युरोपातही तो शतकानुशतके शिकवला गेला. १०३७ मध्ये, रमजान महिन्यातच, हमदान येथे त्यांचे निधन झाले.

सदक्याच्या या महिन्यात अडलेल्या एखाद्या मुलाच्या हाती एक पुस्तकही पडावे.