तपोनिधी श्री नारायण महाराज देहूकर : चरित्र व कार्य

इंद्रायणीच्या तीरावरील श्रीक्षेत्र देहू येथून दरवर्षी ज्येष्ठ वद्य सप्तमीस जगद्गुरू श्री संत तुकाराम महाराजांच्या पालखीचे पंढरपूरकडे प्रस्थान होते. हा सोहळा डोळे भरून पाहणाऱ्या लक्षावधी भाविकांच्या मुखी तुकोबारायांचे नाव असते. परंतु ज्या सुपुत्राने पित्याच्या पादुका प्रथम पालखीत ठेवल्या, त्यांचे चरित्र फारसे सांगितले जात नाही. ते म्हणजे तुकोबारायांचे धाकटे चिरंजीव, तपोनिधी श्री नारायण महाराज. विशेष असे की, ज्या पित्याच्या स्मरणासाठी त्यांनी आपले आयुष्य वाहिले, त्या पित्याचे मुख त्यांनी कधीही पाहिले नव्हते.

घराणे व जन्म

देहूच्या मोरे घराण्यात विठ्ठलभक्ती पिढीजात होती. मूळपुरुष विश्वंभरबाबा नेमाने पंढरीची वारी करीत आणि देहूतील विठ्ठल-रुक्मिणीच्या मूर्ती त्यांनाच लाभल्या, अशी परंपरागत श्रद्धा आहे. याच वंशात बोल्होबा व कनकाई यांच्या पोटी तुकोबांचा जन्म झाला. घरी महाजनकी व सावकारी होती. परंतु १६३० च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळाने या संसाराची वाताहत झाली. प्रथम पत्नी रखमाबाई व पुत्र संतू यांना काळाने नेले. पुढे तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीच्या डोहात बुडविली, असे चरित्रकार सांगतात. द्वितीय पत्नी जिजाई यांनी मोठ्या कष्टाने प्रपंच सांभाळला. त्यांना काशी, भागीरथी व गंगा या तीन कन्या आणि महादेव व विठोबा हे दोन पुत्र होते.

शके १५७१ च्या फाल्गुन वद्य द्वितीयेस, म्हणजे इ. स. १६५० मध्ये, तुकोबारायांचे वैकुंठगमन झाले. त्या वेळी जिजाई गरोदर होत्या. पुढे त्यांना पुत्र झाला, तेच नारायण महाराज. या बालकाच्या वाट्यास पित्याकडून धन आले नाही, की पित्याच्या मांडीवर बसण्याचे भाग्यही आले नाही. आले ते दोन ठेवे : एक अभंगवाणी आणि दुसरा पंढरीच्या वारीचा नेम. आईने, भावंडांनी व तुकोबांच्या सहवासात राहिलेल्या टाळकऱ्यांनी सांगितलेल्या आठवणींतून त्यांना आपले वडील समजले. संताजी जगनाडे यांच्यासारख्या निष्ठावंतांनी अभंग लिहून ठेवले होते. पित्याचा आवाज कानी पडला नाही, तरी त्यांचे शब्द घरोघरी गायिले जात होते आणि त्या शब्दांच्या छायेत नारायण महाराज वाढले.

पादुका आणि पालखी

वारकरी संप्रदायात संतांच्या समाधिस्थानांना मोठे महत्त्व आहे. श्री ज्ञानेश्वर महाराजांची समाधी आळंदीस, निवृत्तिनाथांची त्र्यंबकेश्वरी, तर सोपानदेवांची सासवडला आहे. तुकोबाराय मात्र सदेह वैकुंठास गेले, अशी श्रद्धा असल्याने देहूस त्यांची समाधी नाही. पुत्राने पित्याचे स्मरण करावे, तर फूल कोठे वाहावे, मस्तक कोठे टेकावे, हा प्रश्न नारायण महाराजांपुढे साक्षात उभा होता.

त्याचे उत्तर त्यांना वारीत सापडले. वडील ज्या वाटेने पंढरीस जात, ती वाट तर तशीच होती. श्रीरामांच्या पादुका भरताने सिंहासनावर ठेवल्या, ही कथा आपल्याकडे घरोघरी सांगितली जाते. नारायण महाराजांनी पित्याच्या पादुका पालखीत ठेवून त्या पंढरीच्या वाटेवर आणल्या. इ. स. १६८५ मध्ये हा सोहळा सुरू झाला. पालखी देहूहून प्रथम आळंदीस नेण्यात आली. तेथे श्री ज्ञानेश्वर महाराजांच्या पादुका सोबत घेण्यात आल्या आणि दोन्ही संतांच्या पादुका एकाच पालखीतून पंढरपूरला गेल्या. ज्ञानोबा-तुकाराम या जोडनामाच्या भजनाची प्रथाही त्यांनीच रूढ केली, असे परंपरा मानते. आपल्या वडिलांचा गौरव करताना त्यांनी केवळ वडिलांचे नाव पुढे केले नाही. सुमारे चारशे वर्षांपूर्वी समाधिस्थ झालेल्या माउलींच्या शेजारी त्यांनी ते ठेवले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

तो काळ शांततेचा नव्हता. छत्रपती संभाजी महाराजांची कारकीर्द चालू होती व औरंगजेब प्रचंड सैन्यानिशी दक्षिणेत उतरला होता. १६८५ सालीच विजापूरला मोगलांचा वेढा पडला. पुढे भीमातीरी ब्रह्मपुरी येथेही बादशाही छावणी पडली. अशा धामधुमीत टाळ-मृदंगाच्या गजरात पायी पंढरी गाठणे सोपे नव्हते. तरीही एका कुटुंबाच्या पितृस्मरणातून निघालेल्या या पालखीमागे गावोगावचे वारकरी चालू लागले. पूर्वी वारकरी आपापल्या गावाहून लहान-लहान मेळ्यांनी जात. पालखीमुळे त्यांना एक समाईक मार्ग व एक समाईक नाव मिळाले.

देवस्थानाची व्यवस्था

देहू, येलवाडी व किन्हई ही तीन गावे पुढे देवस्थानाकडे इनाम म्हणून आली. त्यामुळे पूजा-अर्चा व वारीच्या खर्चास स्थिर आधार मिळाला. देहूचे देऊळ नारायण महाराजांनी १७२३ साली बांधल्याची नोंद मिळते. घराण्याच्या देव्हाऱ्यापासून सुरू झालेली विठ्ठलसेवा अशा रीतीने सर्व समाजाची झाली.

परंपरेचा विस्तार

सुमारे दीड शतक ज्ञानोबा-तुकोबांची पालखी एकत्र जात असे. १८३२ च्या सुमारास हैबतबाबा आरफळकर यांनी आळंदीहून माउलींचा स्वतंत्र सोहळा सुरू केला. पुढे इतर संतांच्या पालख्याही महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांतून येऊ लागल्या. देहूची पालखी पुणे, लोणी काळभोर, यवत, बारामती, इंदापूर, अकलूज या मार्गाने सुमारे अडीचशे किलोमीटर चालून आषाढी एकादशीपूर्वी पंढरपुरी पोहोचते. बेलवडी, इंदापूर व अकलूज येथील रिंगणे आणि सराटी येथील नीरास्नान हे या वाटेवरील मोठे सोहळे होत. २०२० व २०२१ या महामारीच्या वर्षी पायी वारी होऊ शकली नाही. तेव्हाही मोजक्या वारकऱ्यांसह पादुका एस.टी. बसने पंढरीस नेण्यात आल्या व नेम चुकला नाही. २०२५ साली हा ३४० वा पालखी सोहळा झाला.

दर्शनार्थी भाविकांसाठी

देहूच्या मंदिर परिसरात विठ्ठल-रुक्मिणी मंदिर व शिळा मंदिर यांबरोबरच तपोनिधी नारायण महाराजांची समाधी आहे. पित्याची समाधी नसलेल्या या क्षेत्री पुत्राची समाधी आहे. प्रस्थानाच्या दिवशी पहाटे या तिन्ही ठिकाणी महापूजा होते आणि त्यानंतरच पादुका पंढरीच्या वाटेस लागतात. वडिलांना पुढे करून स्वतः मागे राहिलेल्या या सत्पुरुषाचे दर्शन घेतल्यावाचून देहूची यात्रा पूर्ण झाली असे समजू नये. ज्यांचे मातापिता आज हयात नाहीत, अशा भाविकांनी येथे क्षणभर थांबून त्यांचे स्मरण करावे. वडिलांनी धरलेली चांगली वाट आपण पुढे चालू ठेवणे, हेच त्यांचे खरे श्राद्ध होय, अशी शिकवण नारायण महाराजांच्या चरित्रातून मिळते.